स्टीलचं बेलहाउसिंग: आठ महिन्यांनंतर

मूळचं ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारं, क्लचभोवतीचं कवच) काढून स्टीलचं बसवलं, त्याला आठ महिने झाले. शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक इंजिन, मन्सीचा चार गिअरचा बॉक्स. पूर्वी 6000 आरपीएमला पाय काढायचो, नव्या कॅमनंतर 7000 पर्यंत नेतो. वाढ हजाराचीच, पण फ्लायव्हीलला (क्रँकच्या टोकाला फिरणारी जड चकती) बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 36 टक्के जास्त. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे थेट पायांकडे येतात, आणि ॲल्युमिनियमचं ओतीव कवच ते अडवेल याचा भरवसा नाही. म्हणून एसएफआय 6.1 चा, म्हणजे रेसिंगच्या सुरक्षा मानकाचा, शिक्का असलेलंच घेतलं. नुसतं 'जाड स्टील आहे हो' मला चालणार नव्हतं.

एक गोष्ट घेण्याआधीच बघा: या इंजिनाला 153 आणि 168 दातांची अशी दोन फ्लायव्हील येतात. मोठ्याचा व्यास 14 इंच. लहान बेलहाउसिंगमध्ये ते मावतच नाही.

खरी परीक्षा बसवताना झाली. फ्लायव्हीलवर चुंबकाचा डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं घड्याळ) लावला, स्पार्क प्लग काढले आणि बेलहाउसिंगच्या मधल्या भोकात काटा टेकवून क्रँक हाताने फिरवला. काटा 16 थाउ हलला, म्हणजे 0.016 इंच. चालतं ते 5 थाउपर्यंत. कोरं करकरीत बेलहाउसिंग! आधी भोकाच्या कडेचा रंगाचा ओघळ खरवडला, आकडा तसाच. काटा 16 हलतो म्हणजे केंद्र 8 थाउ सरकलेलं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या रेषेत नाही. 7 थाउच्या ऑफसेट डॉवेल पिना (बेलहाउसिंगची ब्लॉकवरची जागा ठरवणाऱ्या, मुद्दाम केंद्र सरकवलेल्या खुंट्या) मागवल्या, दोन्ही एकाच दिशेला वळवल्या, बोल्ट पूर्ण आवळून परत मोजलं. तिसऱ्या खेपेला 3 थाउवर आलं. दुपार गेली.

मग सहज म्हणून जुनं ॲल्युमिनियमचं चढवून पाहिलं: 11 थाउ. दोन वर्षं दुसरा गिअर अडकायचा, पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारी कडी) एका बाजूने झिजायचा, आणि मी बिचाऱ्या गिअरबॉक्सला शिव्या घालत होतो.

सहाव्या महिन्यात बॉक्स उतरवला तेव्हा बुश गोलच होता. दुसरा गिअर आता बोटाने पडतो.

तक्रारी? वजन वाढलं, झोपून एकट्याने बोल्ट लावताना ते छातीवर कळतं. रिलीज बेअरिंगची (क्लच सोडवणारं बेअरिंग) घरघर स्टीलमध्ये घुमते. क्लच फोर्कचा (ते बेअरिंग ढकलणारा दांडा) पिव्हॉट, म्हणजे टेकू, बदलावा लागला, जुना आखूड पडला. खालचं झाकणही नाही, त्यामुळे क्लच नुसता डोकावून बघायचा तरी गिअरबॉक्स उतरवा.

पिनांच्या कोनाची खूण आता ब्लॉकवर पंचने ठोकून ठेवली आहे. पुढच्या वेळी बोल्ट आवळून एकदाच गेज फिरवायचा.