मेरठी अल्टो सॅक्सोफोन मुलींच्या बँडपथकासाठी घ्यावा का?

जळगाव-धुळ्याकडे मुलींचं बँडपथक उभं करायचं तर बजेटात बसतो तो मेरठी अल्टो. पितळ दणकट, आवाज वरातीला पुरेल एवढा. घ्यावा, पण पेटीतून काढून थेट मुलीच्या हातात देऊ नये.

सगळ्यात खालचे सूर, सी, बी, बी-फ्लॅट, लागले नाहीत की मास्तर म्हणतात, ‘पोरींचा दम पुरत नाही.’ दम पुरतो हो, पॅड, म्हणजे चावीखालची भोक बंद करणारी गादी, गळतंय! मिसिसिपीतल्या पायनी वुड्स शाळेच्या मुलींमधून 1937 साली ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ हा बिग बँड निघाला. त्यात पुढे व्हाय बर्नसाइड टेनर सॅक्सोफोनवर सोलो घ्यायची, आणि टेनर तर अल्टोहून मोठा, जास्त हवा मागणारा.

गळती दुकानातच बघा. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी पॅडखाली घाला, चावी हलकी दाबा, पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली पाहिजे. एका बाजूनं सुळकन निघाली तर पॅडची वाटी गरम करून, आतली लाख मऊ करून पॅड पुन्हा बसवावं लागतं. सगळ्यात आधी जी-शार्पची चावी तपासा. तिथलं पॅड एरवी बंदच असतं, म्हणून ओल धरून चिकटतं.

डाव्या करंगळीच्या चार चाव्यांच्या स्प्रिंगा फार कडक येतात. लहान हाताला त्या झेपत नाहीत. कारागिराकडून सैल करून घ्या, पण बेतानं, नाहीतर चावी उठायचीच नाही. वजन अडीच किलोच्या आसपास, तेव्हा गळ्यातला पट्टा काढून दोन्ही खांद्यांवरचा हार्नेस लावा.

सोबतचं माऊथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, टाकाऊ. यामाहा 4सी माऊथपीस आणि दोन नंबरची रीड (त्यावर बसणारी, आवाज काढणारी पातळ पट्टी) लावली की निम्मी रडारड थांबते. हार्मोनियमवाल्याला आधीच सांगून ठेवा: अल्टोचा सी म्हणजे काळी दोन.

राहिला आपला उन्हाळा. वैशाखातल्या दुपारच्या वरातीत सूर चढतो. माऊथपीस ज्या बुचावर बसतं त्यावरून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढून हार्मोनियमशी मिळवा. वाजवून झाल्यावर आतून फडकं फिरवा. बंद टेम्पोत, उन्हात सॅक्सोफोनची पेटी ठेवू नका, लाख मऊ पडून पॅड सरकतात. मग सकाळी वाजलेला बी-फ्लॅट संध्याकाळी वाजत नाही, आणि मास्तर पुन्हा दमावर घसरतात.