पोलिंग, इंटरप्ट की डीएमए? प्रोजेक्टचा बोर्ड घेण्याआधी

लॅमिंग्टन रोडला बोर्ड घ्यायला निघण्याआधी घरीच एक भागाकार करून पाहा: डिव्हाइसकडून येणाऱ्या दोन घटनांच्या मध्ये प्रोसेसरला किती क्लॉक सायकल मिळतात? पोलिंग (प्रोग्रॅमने स्वतःच पुन्हा पुन्हा विचारणं), इंटरप्ट (डिव्हाइसने हाक मारून चालू काम थांबवणं) की डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणं), याचं निम्मं उत्तर त्या आकड्यात मिळतं. उरलेलं निम्मं, प्रोग्रॅम मध्येच किती वेळ दुसऱ्या कामात अडकतो, यात. डीएमए वापरला की व्हायवात छाप पडते, हा निकष धरू नका.

सोसायटीच्या टाकीची पातळी घ्या. सेकंदाला एकदा वाचली तरी पुरते, म्हणून पोलिंग. बटणालाही पोलिंगच बरं. दाबल्यावर त्याचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे इंटरप्टला जोडलं तर एका दाबात अनेक इंटरप्ट येतात. त्यापेक्षा दर १० मिलिसेकंदांनी वाचायचं आणि लागोपाठ दोनदा सारखं आलं तरच मानायचं.

पोलिंगचा घात होतो तो डिलेमुळे, म्हणजे प्रोग्रॅम ठरावीक वेळ थांबवणाऱ्या आज्ञेमुळे. बेस्ट बसच्या ट्रॅकरसाठी घेतलेलं जीपीएस मॉड्यूल ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट, बाइटमागे १०) असेल, तर बाइट जास्तीत जास्त ९६० प्रति सेकंद या वेगाने येतात. आर्डुइनो ऊनो बोर्डाची लायब्ररी ते इंटरप्टने ६४ बाइटच्या बफरमध्ये साठवते, पण तो बफर रिकामा करायचं काम तुमच्या लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमचं. तिथे एक सेकंदाचा डिले टाकला, की ६७ मिलिसेकंदांत बफर भरतो आणि पुढचे बाइट गळतात. मग जीपीएसची वाक्यं (माहितीच्या ओळी) अर्धवट येतात, चेकसम (चूक पकडणारा पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि दोष मॉड्यूलच्या माथी मारला जातो.

पाइपमधला प्रवाह मोजणाऱ्या वायएफ-एस२०१ सेन्सरला मात्र इंटरप्टच हवा, कारण लूप दुसऱ्या कामात अडकला तर पल्स निसटतात. तो लिटरमागे साधारण ४५० पल्स देतो. मिनिटाला ३० लिटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला २२५. १६ मेगाहर्ट्झच्या ऊनोवर दोन पल्समध्ये ७१ हजारांहून जास्त सायकल मिळतात, म्हणजे हात मोकळे. तार पिन २ किंवा ३ ला जोडा. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये फक्त काउंटर वाढवा; डिले, प्रिंट काही नको. काउंटर व्होलटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचायचा) घोषित करा. तरी एक खोच उरतेच. प्रोसेसर ८ बिटचा असल्याने १६ बिटचा काउंटर दोन टप्प्यांत वाचला जातो. २५५ चा खालचा बाइट वाचून झाला आणि नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, तर हातात २५६ ऐवजी ५११ पडतात. म्हणून वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करून प्रत घ्या आणि लगेच चालू करा.

तो 'क्षणभर' लांबला तर काय होतं, हे तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी११ सेन्सर दाखवतो. त्याच्या प्रचलित लायब्ररीत ४० बिट वाचेपर्यंत, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, इंटरप्ट बंद असतात. तेवढ्यात ११५२०० बॉडवर ४० हून अधिक बाइट येऊ शकतात, आणि हार्डवेअरमध्ये जागा दोन-तीन बाइटचीच.

डीएमएची खरी गरज मोटारच्या करंटची लहर टिपण्यासारख्या कामात. ब्लू पिल या ७२ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पूर्ण वेगाने चालवला, की दर ८४ सायकलींना एक नमुना येतो. इंटरप्टमध्ये शिरायलाच किमान १२ सायकल, बाहेर पडायला जवळपास तेवढ्याच, आणि मधलं काम वेगळं. डीएमए नमुने परस्पर मेमरीत ठेवतो आणि बफर अर्धा भरला की एकदा, पूर्ण भरला की पुन्हा इंटरप्ट देतो. पण या वेगाने २० किलोबाइटची सगळी रॅम १२ मिलिसेकंदांत भरेल, तेव्हा अर्ध्या बफरवरचं गणित दुसरा अर्धा भरायच्या आत उरकलं पाहिजे. ऊनोत डीएमए नाहीच.

ब्लू पिलवर डीएमएचे चॅनल सात, आणि कोणता कोणाचा ते ठरलेलं. यूएसएआर्ट आणि एसपीआय हे चिपचे सिरीयल पोर्ट. यूएसएआर्ट१ चं रिसीव्ह आणि एसपीआय२ चं ट्रान्समिट दोन्ही चॅनल ५ वर येतात. दोन्ही डीएमएवर हवे असतील तर डिस्प्ले एसपीआय१ वर न्या; जोडणी करून झाल्यावर हे कळलं तर पीसीबी बदलावी लागते. जीपीएसच्या वाक्यांची लांबी कमीजास्त असते, म्हणून तिथे वर्तुळाकार बफरसोबत आयडल लाइन इंटरप्टही (तार शांत झाली की येणारा) लावा. नाहीतर ठरलेले बाइट भरेपर्यंत डीएमए गप्प बसतो.

थोडक्यात, टाकी आणि ट्रॅकरला ऊनो भागतो, लहरीला ब्लू पिल. ब्लू पिलवर क्लोन चिप निघणं नवं नाही. ओपनओसीडी या प्रोग्रॅम चढवायच्या सॉफ्टवेअरने जोडल्यावर चिपचा आयडी १बीए०१४७७ ऐवजी २बीए०१४७७ दिसला आणि अपलोड अडलं, तर वायरिंग उलटसुलट करत बसू नका. कॉन्फिग फाइलमधला अपेक्षित आयडी बदला.