दिवाळी फंडाचं कार्ड घ्यायच्या आधी हे वाचा

दिवाळी संपली की आमच्याकडे नाशिकला सिडकोत लगेच पुढच्या वर्षीच्या फंडाची कार्डं वाटायला सुरुवात होते, तुमच्याकडेही होत असेल, म्हणून हे लिहितेय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवाळी फंड म्हणा किंवा किराणा भिशी म्हणा, दर महिन्याला पाचशे किंवा हजार भरायचे आणि दिवाळीच्या आधी तेलाचा डबा, साखर, रवा, मैदा, बेसन, डालडा, पोहे, ड्रायफ्रूट, उटणं-साबण सगळं एकदम मिळतं. अंबड, सातपूरला कंपनीत जाणाऱ्या घरांमध्ये हे फार चालतं, कारण बोनस कधी होईल ते सांगता येत नाही आणि कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांना तर होईलच याची खात्री नाही. फराळाचं सामान, मुलांचे कपडे, पाहुणे, सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं, त्यात किराणा तरी आधीच भरून झालेला असला की केवढा जीवाला आराम. त्यामुळे बायका हावरटपणाने पैसे भरतात असं जे कोणी म्हणतं ना, त्याचा मला फार राग येतो, आम्ही बचत करत होतो.

आमच्या गल्लीतल्या एक ताई पैसे गोळा करायच्या. दहा कार्डं केली की त्यांना एक कार्ड फुकट, एवढाच त्यांचा फायदा. दुकान मेन रोडला, चांगलं चालणारं, वर्षानुवर्षांचं. पाचशेचं कार्ड, 11 हप्ते आपण भरायचे आणि बारावा दुकानदार घालणार, म्हणजे 5500 भरून 6000 चा माल. पहिली दोन वर्षं वसुबारसेच्या आत सगळा माल घरपोच आला, टेम्पो गल्लीत उभा राहायचा आणि नावं वाचून पोती उतरवायचे. त्या दोन वर्षांच्या जीवावरच तिसऱ्या वर्षी माणसं वाढली. तेव्हा हजाराचं 'स्पेशल कार्ड' काढलं, त्यावर मिक्सर फ्री आणि शिवाय लकी ड्रॉमध्ये चांदीचं नाणं. माझ्या नणंदेने दोन कार्डं केली, सासूबाईंनी त्यांच्या पेन्शनमधून एक केलं, आणि आमचं एक.

मालाचं पहिल्या दोन वर्षांतलं गणित मी नंतर यादी घेऊन बसून काढलं, तेही सांगते कारण हे कोणीच बघत नाही. यादीत प्रत्येक वस्तू एमआरपीने लावलेली होती, आणि एमआरपीने किराणा आजकाल घेतो कोण, कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा कमी करून देतो. तेलाचा डबा 15 चा असं लिहिलेलं, पुढे किलो नाही की लिटर नाही. 1 लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटरचा डबा 13 किलो 650 ग्रॅमचा झाला, 15 किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ सव्वा किलोच्या वर कमी. आणि डब्यावर बारीक अक्षरात पामोलिन, सांगताना मात्र सोयाबीन. म्हणजे तो बारावा फुकट हप्ता तिथेच वसूल होत होता आणि वर आपले पैसे वर्षभर बिनव्याजी त्याच्याकडे.

तिसऱ्या वर्षी नवरात्रातच कुणकुण लागली होती. दसरा झाल्यावर ग्रुपवर मेसेज, माल गोदामात आलाय, पॅकिंग चालू आहे. मग गाडी घाटात बंद पडली. मग जीएसटीवाल्यांची धाड पडली म्हणून दोन दिवस थांबा. मग ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं, आणि हे झालं ना की समजून जा. कारण तोपर्यंत बायका एकमेकींना विचारत होत्या की तुझा आला का, ते विचारणंच बंद झालं, ज्याला त्याला वाटायचं फक्त आपलंच राहिलंय. जे दुकानासमोर जाऊन आरडाओरडा करत होते त्यांना गप्प करायला काहीतरी दिलं, शेजारच्या काकूंना मिळालेल्या रव्याला जाळी धरलेली होती आणि बेसनाच्या पिशवीवर पॅकिंगची तारीखच खरवडून काढलेली, मी हाताने बोट फिरवून बघितलं, प्लास्टिक तिथे खरखरीत लागत होतं. धनत्रयोदशीला शटर बंद. मोबाईल बंद. दुकानाची जागा भाड्याची होती हे त्या दिवशी कळलं.

सगळ्यात वाईट झालं ते त्या ताईंचं. लोक त्यांच्या दारात जाऊन बसले, कारण रोख पैसे त्यांच्या हातात दिलेले आणि ज्यांनी फोन पे केलं त्यांनीही त्यांच्याच नंबरवर केलेलं. पोलिसांनी पण आधी त्यांनाच बोलावलं. त्या दुकानदाराला रोख नेऊन द्यायच्या, त्याची पावती काही नाही, फक्त एका वहीत त्याची सही. त्यांची स्वतःची तीन कार्डं बुडालीयत, आणि लेकीच्या डोहाळजेवणाला म्हणून ठेवलेले पैसे त्यांनी काही जणींना परत केले, ते करायची त्यांना काहीच गरज नव्हती. त्यामुळे तुम्ही जर गल्लीत असं गोळा करून देत असाल तर कृपा करून आपल्या खात्यावर पैसे घेऊ नका, दुकानाच्या नावावर थेट पाठवायला सांगा आणि दुकानदार नाही म्हणाला तर तिथेच विषय सोडा.

चौकीत पहिल्यांदा सांगितलं की हा व्यवहाराचा विषय आहे, कोर्टात जा. आमच्या बिल्डिंगमधले एक काका बँकेतून रिटायर झालेत, त्यांनी सांगितलं एकेकटे जाऊ नका, सगळ्यांचे मिळून एक अर्ज करा. आणि महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला, त्यात नुसते रोख परत द्यायचे पैसेच येतात असं नाही, वस्तूच्या रूपात परत द्यायचं कबूल केलं असेल तरी येतं, आणि त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. अर्जात हे लिहिल्यावर आणि कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवल्यावर साहेबांनी बसवून घेतलं, आता फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे, पूर्वीचं 420. दुकानदार म्हणायचा की सोनारांची 11 महिन्यांची स्कीम असते तशीच ही आहे, कायदेशीर आहे. काकांनी समजावलं की 365 दिवसांच्या आत माल द्यायचा असेल तर आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही हा नियम कंपन्यांसाठी आहे, तेही माल खरंच दिला तर. ह्याची कंपनीच नव्हती.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी ते नीट बघा. आमच्या कार्डावर वरती लक्ष्मीचा फोटो, खाली बारा चौकोन आणि प्रत्येकात एक जांभळा शिक्का, बस. दुकानाचा पूर्ण पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, मालकाचं नाव नाही, माल नाही दिला तर काय ते नाही. तरी फेकू नका, तेवढा शिक्काही पुरावा आहे. ग्रुपचे मेसेज डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हे मला स्वतःला माहिती नव्हतं आणि बऱ्याच जणी फीच्या भीतीनेच गप्प बसल्या होत्या.

आता काही जणी म्हणतात मग बचत करायची कशी. आम्ही यंदा बँकेत आरडी सुरू केलीय, पाचशेचीच. वर्षाला 6000 वर व्याज दोनशेच्या आसपास सुटेल, कमी वाटतं खरं. पण त्या फंडाचा हिशोब करून बघा, हप्ते हळूहळू भरत जातो म्हणजे पैसे सरासरी सहा महिनेच त्याच्याकडे राहतात, त्यावर 500 सुटणार म्हणजे वर्षाला 18 टक्के झाले, किराण्याच्या धंद्यात एवढं देऊन कोणाला परवडतं? तो एक तर मालात मारणार नाहीतर पुढच्यांच्या पैशातून मागच्यांना देणार. हातात रोख आली की चार बायका मिळून होलसेलला जायचं, साखरेचं पोतं फोडून वाटून घ्यायचं, तेलाच्या डब्यावर किलो का लिटर ते वाचायचं आणि बिल घ्यायचं. डाळी-साखरेत चांगला फरक पडतो, ड्रायफ्रूटमध्ये तर जास्तच.

सिडको, अंबड, पाथर्डी फाटा ह्या बाजूला ज्यांचे असे पैसे अडकलेत आणि रक्कम लहान आहे म्हणून कोणी अजून गेलं नसेल, त्यांनी कार्डाची झेरॉक्स आणि आधारची झेरॉक्स घेऊन चौकीत जा आणि आमच्या सामूहिक अर्जात नाव जोडायला सांगा, जितकी नावं वाढतील तितकी रक्कम वाढेल आणि प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे द्यावं अशी आमची मागणी आहे. रोखीने भरलं असेल तरी जा.