रस्टची फीचर्स, बरेच महिने वापरून: 'नको' म्हणायची सोयच नाही

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लायब्ररीला क्रेट म्हणतात. क्रेटचे काही भाग मागणीनुसार चालू-बंद करता येतात, ती फीचर्स; न मागता येतात ती डिफॉल्ट. हे सगळं जुळवून बिल्ड करतं ते कार्गो. गेल्या आठवड्यात आमचा एआरएम प्रोसेसरसाठीचा बिल्ड पडला, म्हणून हे लिहायला घेतलं. एररमध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची सी भाषेतली लायब्ररी) सापडत नसल्याची तक्रार. आता आमच्या कार्गो डॉट टॉमलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या क्रेट्सच्या (डिपेंडन्सींच्या) यादीत, एचटीटीपी क्रेटपुढे 'डिफॉल्ट-फीचर्स = फॉल्स' स्पष्ट लिहिलंय, तेच काम करणारं, रस्टमध्ये लिहिलेलं रस्टएलएस निवडलंय. मग ओपनएसएसएल आलं कुठून?

ओपनएसएसएलला जोडणारं ओपनएसएसएल-सिस हे क्रेट कुणी आणलं ते दाखवणारी 'कार्गो ट्री -ई फीचर्स -आय ओपनएसएसएल-सिस' ही कमांड चालवल्यावर उलगडा झाला. मेट्रिक्ससाठी घेतलेल्या एका छोट्या क्रेटने तेच एचटीटीपी क्रेट डिफॉल्टसकट ओढलं होतं. एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्या असतील तर कार्गो ते क्रेट एकदाच घेतं आणि ज्याने ज्याने जी फीचर्स मागितली त्या सगळ्यांची बेरीज करतं. चौघांनी नको म्हटलं आणि पाचव्याने हवं म्हटलं, की ते येणारच. यामागचं कारण मला पटतं: वेगवेगळ्या प्रती झाल्या तर टाइप्स एकमेकांशी जुळणार नाहीत. पण 'हे फीचर माझ्या बिल्डमध्ये कधीच नको' असं ठणकावून सांगायला कार्गोत जागाच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

रस्ट 1.51 मधला रिझॉल्व्हर 2 (कोणाची कोणती फीचर्स घ्यायची हे ठरवणारा कार्गोचा भाग) आल्यावर हे मिटेल असं वाटलं होतं. त्याने फक्त कंपाइल होताना चालणाऱ्या बिल्ड-डिपेंडन्सी आणि प्रोक-मॅक्रोंची फीचर्स वेगळी काढली, तेवढं चांगलं झालं. नेहमीच्या डिपेंडन्सींची बेरीज मात्र तशीच राहिली. वर्कस्पेसमध्ये, म्हणजे एकत्र ठेवलेल्या अनेक क्रेट्समध्ये (त्यातलं प्रत्येक एक मेंबर), तर उलटाही त्रास आहे. एका मेंबरने सर्डे या डेटा रूपांतराच्या क्रेटचं 'डिराइव्ह' फीचर मागितलेलंच नसतं, पण शेजारच्याने मागितलेलं असतं, म्हणून सगळं एकत्र बिल्ड होतं. तोच मेंबर '-पी' देऊन एकटा बिल्ड केला की आपटतो.

सीएफजीबद्दलचं, म्हणजे फीचरनुसार कोड घ्यायचा की गाळायचा हे सांगणाऱ्या खुणेबद्दलचं, मत मात्र मी बदललंय. फीचरच्या नावात एक अक्षर चुकलं तर तो कोड गुपचूप गळून पडायचा, यावर मी पूर्वी भरपूर वैतागले होते. जुलै 2024 च्या रस्ट 1.80 पासून कार्गो अशा अनोळखी नावांवर स्वतःहून वॉर्निंग देतं. एवढ्या एका गोष्टीसाठी अपग्रेड करावं. आणि शक्य असेल तिथे सीएफजी अ‍ॅट्रिब्यूटऐवजी 'सीएफजी!' मॅक्रो वापरा. त्यात दोन्ही फांद्या टाइप-चेक होतात, बंद फांदी कुजत नाही.

सीआयच्या (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड करून बघणाऱ्या यंत्रणेच्या) मिनिटांचे पैसे लागतात, हेही धरा. 10 फीचर्सची सगळी कॉम्बिनेशन्स म्हणजे 1024 बिल्ड. कॉम्बिनेशन्स चालवून बघणाऱ्या कार्गो-हॅक या साधनाला 'डेप्थ' 2 (एका वेळी जास्तीत जास्त दोन फीचर्स) दिली की सुटी आणि जोड्या मिळून 55, वर एक रिकामा. आम्हाला तेवढं पुरतं.

ओपनएसएसएलचा बंदोबस्त शेवटी कार्गो-डिनाय या डिपेंडन्सी तपासणाऱ्या साधनाने केला: ओपनएसएसएल-सिस बंदी यादीत टाकलं. कुणी ते मागच्या दाराने आणलं तर कंपाइल सुरू होण्याआधीच सीआय थांबतो, मिनिटंही वाचतात. क्रेट लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, डिफॉल्ट यादी पहिल्याच आवृत्तीपासून हलकी ठेवा. नंतर त्यातून काही काढायचं म्हणजे वापरणाऱ्यांचे बिल्ड मोडतात, म्हणून मग कुणी काढतच नाही.