ॲक्टिव्ह डेटा गार्डची स्वयंचलित ब्लॉक दुरुस्ती: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या संस्थेचा मुख्य डेटाबेस ओरॅकल १९सी आवृत्तीवर चालतो आणि दुसऱ्या शहरात त्याचा फिजिकल स्टँडबाय, म्हणजे अडचणीच्या वेळी वापरायची हुबेहूब प्रत, आहे. पूर्वी हा स्टँडबाय नुसता माउंट करून (चालू, पण क्वेरींसाठी बंद) ठेवलेला असे. ॲक्टिव्ह डेटा गार्ड या ओरॅकलच्या जादा सुविधेचा परवाना घेतल्यापासून तो वाचनासाठी खुला असतो आणि त्याच वेळी रीडूही (मुख्य डेटाबेसमधील बदलांची नोंद) लागू होत राहतो. परवाना घेतला तो अहवालांचा भार हलवण्यासाठी. ओरॅकलच्या ११जी रिलीज २ पासून त्यासोबत मिळणारी ब्लॉक दुरुस्ती, म्हणजे मुख्य बाजूचा खराब झालेला ब्लॉक (डेटा साठवण्याचा लहान तुकडा) स्टँडबायवरच्या चांगल्या प्रतीवरून आपोआप बदलणे, आमच्या लेखी वरकडच होती.

चाचणी सर्व्हरवर एका लहान टेबलाचा एक ब्लॉक आम्ही डिस्कवर थेट लिहिणाऱ्या ‘डीडी’ कमांडने मुद्दाम बिघडवला, बफर कॅशे (वाचलेले ब्लॉक मेमरीत ठेवण्याची जागा) रिकामा केला आणि त्याच ब्लॉकमधील नोंद मागवली. क्वेरी क्षणभर अडखळली, पण उत्तर बरोबर आले. ब्लॉक खराब असल्याचे सांगणारी ओआरए-०१५७८ ही त्रुटी दिसलीच नाही. अलर्ट लॉगमध्ये (डेटाबेसमधील महत्त्वाच्या घडामोडींची फाइल) मात्र खराब ब्लॉक सापडल्याची, फाइल व ब्लॉक क्रमांकासह दुरुस्तीची मागणी गेल्याची आणि ती यशस्वी झाल्याची नोंद होती. स्टँडबायकडे डिस्कवरचे ब्लॉक नव्हे तर रीडू जातो, त्यामुळे मुख्य बाजूच्या डिस्कने केलेली नासाडी पलीकडे पोहोचत नाही; स्टोरेजच्या पातळीवर प्रत काढणाऱ्या व्यवस्थेत ती जशीच्या तशी उतरू शकते.

प्रत्यक्ष कामकाजात ही सोय उपयोगी पडली ती एका स्टोरेज कंट्रोलरच्या बिघाडात. त्या दिवशी एकाही विभागाकडून तक्रार आली नाही, आणि मला खटकले ते नेमके हेच. दुरुस्ती इतकी मुकाट्याने होते की अलर्ट लॉग कोणी उघडला नाही, तर मोडकळीला आलेले हार्डवेअर तसेच वापरात राहते. म्हणून लॉगमधील त्या ओळीवर आम्ही इशारा बसवला असून तो थेट स्टोरेज सांभाळणाऱ्यांकडे जातो.

मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. ब्लॉक वाचला जाईपर्यंत बिघाड कळतच नाही, त्यामुळे क्वचित उघडल्या जाणाऱ्या जुन्या वर्षांच्या पार्टिशनसाठी आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाचे व्हॅलिडेट (ब्लॉक वाचून तपासणारी कमांड) नियमित चालवणे भाग आहे. नोलॉगिंग पद्धतीने भरलेल्या माहितीचा रीडूच नसल्याने स्टँडबायकडे तिची चांगली प्रत नसते. फोर्स लॉगिंग (बदलांचा रीडू सक्तीने लिहिणे) आधीच सुरू हवे. रीडू लागू होण्यात स्टँडबाय मागे पडला असेल, तर दुरुस्तीचा भरवसा तेवढा कमी होतो. देखभालीसाठी तो पुन्हा माउंट अवस्थेत नेला की ही सोय बंदच पडते, आणि नंतर तो खुला करायचे राहून गेले तरी मुख्य डेटाबेसवरचे रोजचे काम सुरळीत चालू असल्याने ते चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. देखभालीच्या यादीत ही तपासणी आम्ही शेवटची पायरी म्हणून लिहून ठेवली आहे.

केवळ या दुरुस्तीसाठी एंटरप्राइझ आवृत्तीवर हा वेगळा परवाना घ्यावा, असे मी सुचवणार नाही. चांगला बॅकअप व आर्काइव्ह लॉग (जपून ठेवलेला जुना रीडू) हाताशी असतील तर आरमॅनच्या ‘रिकव्हर ब्लॉक’ने तोच ब्लॉक हाताने परत आणता येतो, मात्र तोवर वापरकर्त्याला त्रुटी दिसत राहते.