रूफॉस पॅलेडियम जी-३ : बाटली महाग, पण पैसे नेमके कुठे वसूल होतात?

अडीचशे मिलिग्रॅमची बाटली, आत तळाला चिमूटभर फिकट पावडर, आणि कोटेशनवरचा आकडा असा की गाइडसरांची सही घेण्याआधी त्यांचा मूड बघावा लागतो. शिवाजी विद्यापीठातली आणि कोल्हापुरातल्या कॉलेजांतली एमएस्सी-पीएचडीची मुलं ही बाटली, म्हणजे दोन रेणू जोडायला लागणारा पॅलेडियमचा हा कॅटॅलिस्ट, मागवू की नको, असं वारंवार विचारतात. आमचं उत्तर : सेकंडरी अमाइन (नायट्रोजनवर एकच हायड्रोजन असलेला) आणि साधा अ‍ॅरिल क्लोराइड (बेंझीनच्या कड्यावर क्लोरीन असलेला) जोडायचा असेल तर जरूर मागवा. नुसता नायट्रो गटाचा अमिनो गट करायचा असेल तर बाटलीचं झाकणही उघडू नका.

आधी माल काय आहे ते. बुकवाल्ड आणि हार्टविग या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४-९५ मध्ये पॅलेडियमवर कार्बन-नायट्रोजन जोडणी बसवली. तेव्हापासून नेहमीची पद्धत म्हणजे पॅलेडियमचा एक स्रोत, बहुतेक वेळा पॅलेडियम-डीबीए, आणि वेगळा फॉस्फीन लिगँड, म्हणजे पॅलेडियमला धरून ठेवणारा फॉस्फरसचा रेणू. अडचण अशी की डीबीएच्या बाटलीत नक्की किती पॅलेडियम कामाचं आहे हे लेबलवरून कळत नाही. बाजारातल्या नमुन्यांत बराच भाग पॅलेडियमच्या बारीक कणांचा असतो, हे २०१२ मध्येच छापून आलं आहे. जी-३ मध्ये, म्हणजे या मालाच्या तिसऱ्या पिढीत, लिगँड (इथे रूफॉस) आणि पॅलेडियम एकास एक प्रमाणात आधीच बांधलेले आहेत. बेस पडला की अमिनोबायफेनिलचा भाग कार्बाझोल होऊन बाहेर पडतो आणि काम करणारं पॅलेडियम जागेवरच तयार होतं. पावडर हवेत तोलता येते, ग्लव्हबॉक्स (हवाबंद पेटी) लागत नाही. आपल्याकडच्या लॅबसाठी याच एका गुणाचे अर्धे पैसे वसूल.

रेणुभार ८३६. म्हणजे एक मिलिमोल स्केलला एक मोल टक्का (मूळ मालाच्या शंभर रेणूंमागे एक) हवा तर ८.४ मिलिग्रॅम, आणि एका बाटलीत साधारण तीस रिअ‍ॅक्शन. तीन दशांशाच्या काट्यावर आठ मिलिग्रॅम तोलू नका, त्यात दहा-बारा टक्के चूक सहज होते. ४२ मिलिग्रॅम घ्या, पाच मिली कोरड्या, ऑक्सिजन काढलेल्या टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा आणि दर रिअ‍ॅक्शनला एक मिली टाका. द्रावण त्याच दिवशी संपवायचं, फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी वापरायचं नाही.

कसोटीसाठी पॅराक्लोरोअ‍ॅनिसोल आणि मॉर्फोलिन ही जोडी चांगली, कारण इथे क्लोरीन हट्टी आहे आणि मिथॉक्सी गट त्याला आणखी हट्टी करतो. ओव्हनमध्ये ११० अंशांना रात्रभर ठेवलेली स्क्रू-कॅप ट्यूब, त्यात ११५ मिलिग्रॅम सोडियम टर्ट-ब्युटॉक्साइड, हा आपला बेस. व्हॅक्यूम आणि अर्गॉन तीन वेळा. मग सिरिंजने १४३ मिलिग्रॅम क्लोरोअ‍ॅनिसोल, १०५ मायक्रोलिटर मॉर्फोलिन आणि एक मिली कॅटॅलिस्टचं द्रावण. तेलाच्या बाथवर ८५ अंश. टीएचएफ ६६ लाच उकळतो, त्यामुळे ट्यूबमध्ये दाब येणार हे धरूनच चालायचं : दोन तृतीयांश ट्यूब रिकामी, काचेला चरा नको, समोर शील्ड हवी. तशी ट्यूब नसेल तर टोल्यूइन किंवा डायऑक्सेन घ्या. पहिली टीएलसी (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते दाखवणारी पट्टी) तासाभराने. एवढ्यात बहुतेक काम झालेलं दिसतं, फार तर चार तास. ‘रात्रभर ठेवूया’ ही सवय इथे नको. उरलेला बेस आणि उष्णता मिळून नको ते करत बसतात.

बेस पडल्यावर रंग पिवळा, नारिंगी किंवा तपकिरी होतो. लगेच काळा पडला आणि काचेला आरशासारखा थर धरला, तर ऑक्सिजन आत आहे. सॉल्व्हंटमधून पंधरा-वीस मिनिटं अर्गॉनचे बुडबुडे सोडले नाहीत, की हे होतं. गॅसच्या बाबतीत मात्र कोल्हापूर नशीबवान आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या वेल्डिंगच्या कामामुळे अर्गॉनचा सिलिंडर गावातच मिळतो, आणि हा वेल्डिंगचा अर्गॉन वाळवणाऱ्या नळीतून सोडला की या कामाला पुरतो.

खरी परीक्षा असते जून ते सप्टेंबरमध्ये. कॅटॅलिस्टला दमट हवेचं फारसं काही वाटत नाही, ब्युटॉक्साइडला वाटतं. चांगला माल पांढरा, भुरभुरीत असतो. गुठळ्या झाल्या की त्यातला बराच भाग कॉस्टिक सोडा आणि टर्ट-ब्युटेनॉल झालेला असतो. मग तोललेले ११५ मिलिग्रॅम म्हणजे ११५ नव्हेत, आणि रेणूवर एस्टर असेल तर तोही फुटतो. पॅलेडियमच्या नावाने खडे फोडण्याआधी बेसची बाटली बघा. मोठी बाटली येताच कोरड्या दिवशी छोट्या वायलमध्ये वाटून डेसिकेटरमध्ये ठेवायची, एका वेळी एकच वायल उघडायची. पावसाळ्यात ओल्या ब्युटॉक्साइडचा नाद करायचाच नाही. एस्टर, नायट्राइल किंवा कीटोन असेल तर तो बेस मुळातच चुकीचा. तिथे सिझियम कार्बोनेट, १.४ मिलिमोलला ४५६ मिलिग्रॅम, बारीक वाटून आणि वाळवून. रिअ‍ॅक्शन हळू होईल, पण एस्टर टिकेल.

दुसरा बिघाड टीएलसीवर दिसत नाही. स्टार्टिंग मटेरिअल संपलं, तरी यील्ड (हाती आलेला माल) चाळीसच टक्के. अमाइनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन पॅलेडियमवर सरकतो आणि क्लोरीनच्या जागी नुसता हायड्रोजन बसतो. आपल्या उदाहरणात तयार झालेला अ‍ॅनिसोल वर्कअप आणि रोटामध्ये (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रात) उडून जातो आणि दोष कॉलमवर (प्रॉडक्ट शुद्ध करायच्या नळीवर) येतो. कच्च्या मिश्रणाची जीसी-एमएस (घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी) आधीच काढा. मॉर्फोलिन पिवळं पडलेलं असेल तर कॉस्टिक पोटॅशवरून डिस्टिल करून घ्या.

जी-३ ची स्वतःची एक खोड आहे, ती कार्बाझोलची. एक मिलिमोल स्केलवर जेमतेम १.७ मिलिग्रॅम, पण यूव्हीखाली निळसर चमकतं आणि कमी ध्रुवीय प्रॉडक्ट असेल तर कॉलममध्ये त्याच्या जवळून उतरतं. शिवाय कार्बाझोल स्वतःच अ‍ॅरिल हॅलाइडशी जोडलं जाऊ शकतं. पुढच्या पिढीच्या जी-४ मध्ये नायट्रोजनवर मिथाइल असल्यामुळे ही वाट बंद आहे. औषधाच्या कामासाठी अशुद्धी मोजायच्या असतील तर जी-४ चं कोटेशनही मागवा. नुसत्या प्रोजेक्टला जी-३ चालतं.

आणि लिगँड बघून घ्या. रूफॉस सेकंडरी अमाइनसाठी, म्हणजे मॉर्फोलिन, पायपरिडीन, मिथाइल-अ‍ॅनिलिन. प्रायमरी अमाइन (नायट्रोजनवर दोन हायड्रोजन) एकदाच जोडायचं असेल तर ब्रेटफॉस हा लिगँड घ्यावा. एकाच बाटलीवर दोन्ही भागवायचा मोह होतो, आणि मग ‘कॅटॅलिस्ट खराब निघाला’ अशी तक्रार येते. अमोनिया थेट जोडणं त्याहून अवघड. तिथे बेंझोफेनोन इमिन जोडायचं आणि नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सोडवायचं.

आता न वापरण्याबद्दल. सर्वात जास्त उधळपट्टी पॅराक्लोरोनायट्रोबेंझीनवर होते. त्यातला क्लोरीन नायट्रोमुळे आधीच ढिला आहे. डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये पोटॅशियम कार्बोनेट आणि मॉर्फोलिनसोबत १०० ते १२० अंशांवर तापवलं की जोडणी पॅलेडियमशिवाय होते. फ्लोरो असेल तर आणखी सहज. हातात ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर आधी तांबं लावून बघा : कॉपर आयोडाइड १० मोल टक्के, एल-प्रोलिन २० मोल टक्के, पोटॅशियम कार्बोनेट दोन इक्विव्हॅलंट (मूळ मालाच्या दुप्पट मोल), डीएमएसओ, ६० ते ९० अंश. क्लोराइड आणि शेजारी जाड गट असलेल्या रेणूंपुढे मात्र हे तांबं दमतं, आणि तिथेच महागड्या बाटलीची पाळी येते.

वर पॅलेडियमशिवाय मिळालेल्या नायट्रोफेनिल मॉर्फोलिनचा अमाइन करायला लोखंड पुरे. बेशाँ या रसायनशास्त्रज्ञाने ही रीत १८५४ मध्ये दिली, आणि कारखान्यांनी ती चालवली बिडाच्या भुशावर. तो भुसा उद्यमनगरातल्या लेथखाली पडलेलाच असतो. बीड बऱ्याचदा कूलंटशिवाय कोरडंच कापतात, त्यामुळे भुसा स्टीलच्या चिप्सपेक्षा कमी तेलकट असतो. तरी अ‍ॅसिटोनने धुऊन, चाळून घ्यायचा. ग्राफाइटमुळे गाळ काळाकुट्ट येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. प्रबंधात आकडे द्यायचे असतील तर मात्र बाटलीतली लोखंड पावडरच वापरा.

२.०८ ग्रॅम नायट्रो, म्हणजे १० मिलिमोल. अमोनियम क्लोराइड ०.५४ ग्रॅम, इथेनॉल २० मिली, पाणी ५ मिली. ७५ ते ८० अंशांवर २.८ ग्रॅम लोखंड चार-पाच हप्त्यांत. हिशेबाने सव्वादोन इक्विव्हॅलंट लागतं, आपण पाच घेतो, कारण पृष्ठभाग ऑक्साइडने झाकला जातो. सगळं एकदम ओतलं तर उकळी कंडेन्सरच्या वर येते. चुंबकी बार इथे निरुपयोगी : लोखंड त्यालाच चिकटून बसतं आणि ढवळणं थांबतं. वरून फिरणारा स्टिरर लावा. नायट्रो पूर्ण संपल्याशिवाय बेसिक करू नका, मधल्या टप्प्यातले नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन एकमेकांशी जुळून नारिंगी-पिवळा अ‍ॅझॉक्सी तयार होतो. गरम असतानाच सेलाइटवरून (गाळायच्या भुकटीवरून) गाळा, मग बायकार्बोनेट टाकून इथाइल अ‍ॅसिटेटने काढा. हातमोजे नायट्राइलचे. ही अमाइनं कातडीतूनही आत जातात.

पॅलेडियम-कार्बन (कोळशावर बसवलेलं पॅलेडियम) आणि हायड्रोजनचा फुगा हा यापेक्षा स्वच्छ मार्ग, पण रेणूवर क्लोरीन असेल तर तो जाण्याची भीती असते. हायड्रोजन किती लागतो तेही बघा : १० मिलिमोल नायट्रोला ३० मिलिमोल. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या कोल्हापुरात, उन्हाळ्यातल्या लॅबच्या तापमानाला, हे जवळजवळ आठशे मिली होतात. रबरातून झिरपतं ते वेगळं. गाळलेला कॅटॅलिस्ट मिथेनॉलसकट कोरडा होऊ दिला तर फनेलवरच पेट घेतो. तो पाण्याने ओलाच ठेवायचा.

रूफॉस जी-३ ला पाचपैकी चार. एक गुण किमतीचा आणि कार्बाझोलचा कापला. मागवताना लॉटचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) मागा, पुरवठादार फॉस्फरसचाही देत असेल तर उत्तम : मोकळ्या लिगँडचा किंवा त्याच्या ऑक्साइडचा पीक त्यात लगेच दिसतो. पावडर करडी किंवा काळपट आली तर बाटली न वापरता परत पाठवा. बर्फात पाठवायची गरज नसते, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे लावले असतील तर ते बिलातून काढून घ्या.