कॉलेज प्रत्यक्ष पाहायचं की घरी बसून शोधायचं?

मैत्रिणीची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. तिला सुट्टीत कॉलेजं दाखवून आणावीत, की इंटरनेटवर माहिती काढायला बसवावं, हे मैत्रिणीला ठरवता येत नाहीये. माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेवून पाहू.

खर्च आणि वेळ यांत घरचा शोध सरस, यात वाद नाही.

माहितीचं मात्र तसं नाही. शुल्क, प्रवेशाचे निकष, शिष्यवृत्तीच्या तारखा घरी नेमक्या मिळतात. अभ्यासक्रमही विषयवार वाचता येतो, आणि तो वाचायलाच हवा. मानसशास्त्रात संख्याशास्त्र शिकावं लागतं हे अनेकांना प्रवेशानंतर कळतं. पण प्रात्यक्षिकं खरंच होतात का, तासानंतर शिक्षक भेटतात का, हे तिथला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीच सांगेल. म्हणून जायचं तर सत्र चालू असताना. सुट्टीत नुसत्या इमारती दिसतात.

सवयींचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातला ठरलेला अर्धा तास, एक वही, प्रत्येक कॉलेजला एक पान: यातून मुदती पाळायची शिस्त लागते. मोबाइलवर लक्ष भरकटतं, म्हणून वहीच बरी. भेटीत अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचं धाडस येतं, फक्त आईवडिलांनी दोन पावलं मागे राहावं.

शाखाच ठरली नसेल, तर घरचा शोध पुरे. दोन-तीन नावं पक्की झाली असतील, विशेषतः वसतिगृहात राहायचं असेल, तर प्रवासाचा खर्च जरूर करावा.